रुग्णसेवेच्या दोन अबोल वाटा

बारावीचे निकाल लागले की सुशिक्षित घरांतून एक ठरावीक संभाषण ऐकू येऊ लागते. मुलाला अगर मुलीला जीवशास्त्रात बरे गुण मिळालेले असले, की वडीलमंडळींच्या तोंडी ‘डॉक्टर’ हा एकच शब्द येतो. आणि प्रवेश-परीक्षेत नंबर लागला नाही, तर त्याच घरावर एखादे अरिष्ट कोसळल्याची कळा पसरते. ‘आता निदान मेडिकलमधलेच काहीतरी करू दे,’ असे मग कोणी आजोबा किंवा मामा सुचवितात. त्या ‘काहीतरी’त वैद्यकसेवेतील कितीतरी कामे एका गाठोड्यात बांधून टाकली जातात, आणि ही सारी कामे म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीची सांत्वने होत, असा समज मुलांच्या मनात कायमचा रुजतो.

या गाठोड्यातील दोन कामे आज सोडवून पाहावयाची आहेत. एक काम आजाराच्या आरंभी चालते, दुसरे त्याच्या अखेरीस. पहिले आहे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले. तेथे काम करणाऱ्याला रोगी दिसत नाही, त्याच्या रक्ताचा थेंब दिसतो. दुसरे आहे बरे होण्याची आशा मावळलेल्या माणसांच्या शुश्रूषागृहातले. अशा गृहाला ‘हॉस्पिस’ म्हणतात. तेथे रोगाविषयी नव्याने जाणून घेण्यासारखे फारसे उरलेले नसते. समोर असतो तो केवळ माणूस. ही दोन्ही कामे सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. शिवाय ती करणारा चुकला किंवा कंटाळला, तर ते पुष्कळदा त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला कळतही नाही. या कामांचे मोल आणि त्यांतील जोखीम, दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

प्रथम प्रयोगशाळेचा विचार करू. रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्या सुमारापासून ‘रोग कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर रोग्याच्या खाटेपाशी न सापडल्यास सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याचा परिपाठ पडू लागला. हैदराबादकरांना तर या इतिहासातील एक पान घरचेच आहे. सिकंदराबादेस रोनल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डासांची पोटे चिरून त्यांत हिवतापाचा जंतू शोधीत बसे. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला चावलेले डास त्याने जपून ठेवले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत त्याला हवे ते सापडले. शोध एका दिवसाचा. पण त्यामागे नजर शिणेपर्यंत केलेले, रोज तेच ते, निष्फळ वाटणारे काम होते. प्रयोगशाळेतील नोकरीचा बराचसा भाग आजही याच जातीचा आहे.

रक्त काढून नेल्यावर पुढे काय होते, हे रोग्याच्या नातलगांना ठाऊक नसते. हे रक्त निरनिराळ्या रंगांच्या बुचांच्या नळ्यांत घेतात. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारे एक रसायन असते. ती रक्तपेशी मोजण्यासाठी. करड्या बुचाची नळी साखरेसाठी, निळ्या बुचाची रक्ताची गोठण्याची शक्ती पाहण्यासाठी. साखरेला निराळी नळी कशाला, असा प्रश्न कोणाला पडेल. शरीराबाहेर आल्यावरही रक्तातील पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत नमुना तसाच पडून राहिला, तर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते. करड्या नळीतील फ्लोराइड या खाण्याला आळा घालते. नमुना चुकीच्या नळीत दुपारपर्यंत टेबलावर राहिला, तर मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरू शकतो. तसेच, रक्त कमी पडले म्हणून कोणी जांभळ्या नळीतले थोडे दुसऱ्या नळीत ओतले, तर जांभळ्या नळीच्या रसायनातील पोटॅशियममुळे रोग्याचे पोटॅशियम भलतेच वाढलेले दिसते, आणि तो आकडा खरा मानून डॉक्टरांची धावपळ सुरू होते. येथे यंत्राने काहीही चूक केलेली नसते. त्याला जे दिले, ते त्याने मोजले.

म्हणून नवशिक्याला पहिला धडा मिळावयास हवा तो नावाचा. नळीवर नाव आणि क्रमांक लावावयाचा, तो रोग्याच्या खाटेशेजारीच, त्याच्या तोंडून नाव वदवून घेऊन. ‘तुम्ही सावंत ना?’ असे विचारावयाचे नाही, कारण ग्लानीत असलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘तुमचे नाव काय?’ असे विचारावयाचे. दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर दोन्ही रिपोर्ट शास्त्रदृष्ट्या अगदी बिनचूक निघतील, आणि दोन्ही माणसांवर चुकीचे उपचार होतील.

मुंबईत लागलेला एक शोध या ठिकाणी सांगण्यासारखा आहे. माणसामाणसांच्या रक्तात गट असतात, हे कार्ल लँडस्टायनर याने १९०१ साली दाखवून दिले होते. पुढे १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत अशी माणसे दाखवून दिली, की ज्यांचे रक्त साध्या चाचणीत ‘ओ’ गटाचे दिसते, परंतु ‘ओ’ गटाचे रक्त मात्र त्यांना चालत नाही. ‘ओ’ गटाच्या लाल पेशींवर ‘एच’ नावाचे जे द्रव्य असते, तेच यांच्या पेशींवर नसते. हा गट आज जगभर ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जातो. भारतात तो सुमारे १० हजारांत एकाला असावा, असे मानतात. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त मिळाले पाहिजे. ‘ओ’ गटाचे दिले तर प्राणांवर बेतते. तो ओळखावयाचा, तर पेशींच्या चाचणीवर न थांबता सीरमची उलट चाचणीही करावी लागते. रात्री दोन वाजता, अपघातातला रोगी आत तळमळत असताना, ‘पेशी तर ओ दाखवीत आहेत, दुसरी चाचणी कशाला?’ असा मोह तंत्रज्ञाला पडू शकतो. नऊ हजार नऊशे नव्याण्णव वेळा ती दुसरी चाचणी केली नाही म्हणून काही बिघडणारही नाही. उरलेल्या एका माणसासाठी ती दर वेळी करावयाची असते.

कर्करोगाच्या निदानात या मंडळींच्या हाताचे कसब प्रत्यक्ष दिसते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून आणि मेणात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तातील एक लाल पेशी सुमारे ७ मायक्रॉन रुंद असते, यावरून त्या कापाच्या पातळपणाची कल्पना यावी. काप सुरकुतला, फाटला, रंग कमी-अधिक बसला, तर सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या तज्ज्ञाच्या विद्वत्तेचा उपयोग होत नाही. भारतातील विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर हे १८९५ साली गोमंतकात जन्मले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली, आणि येथील लोकांच्या सवयींशी कर्करोगाचा संबंध कसा पोहोचतो, याचा त्यांनी अभ्यास केला. अशा विद्वानाचे निदानही कोणा तंत्रज्ञाने नीट कापलेल्या आणि नीट रंगविलेल्या काचपट्टीवरच उभे असते.

या कामाला लागणारे शिक्षण आवाक्याबाहेरचे नाही. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर साधारणतः दोन वर्षांची डी.एम.एल.टी. ही पदविका, किंवा तीन ते चार वर्षांची पदवी घेता येते. तथापि पालकांनी येथे डोळ्यांत तेल घालून पाहावयास हवे. ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशा जाहिराती गावोगाव दिसतात. त्या वर्गाला मान्यता कोणाची, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काम मिळते, हे विचारल्यावाचून फी भरू नये. संसदेने २०२१ साली सहायक आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात प्रयोगशाळा-तंत्रज्ञांचाही समावेश आहे, आणि शिक्षणाला व नोंदणीला एक शिस्त लावावी हा त्याचा हेतू आहे. या कामातला धोकाही मुलांपासून लपवू नये. सुई टोचणे, थुंकीतून क्षयाचा संसर्ग होणे, या गोष्टी घडू शकतात. म्हणून काविळीच्या ‘बी’ प्रकाराची लस आधीच घ्यावयाची आणि हातमोज्यांचा आळस करावयाचा नाही. मोठी यंत्रे आता तासाला शेकडो चाचण्या करतात, आणि क्षयाचा जंतू पूर्वी वाढवून पाहावयास आठवडे लागत, तो आता सुमारे दोन तासांत ओळखता येतो. तरी रोज सकाळी माहीत असलेला नमुना यंत्राला देऊन ‘आज हे खरे बोलते आहे ना?’ हे पाहावयास माणूसच लागतो.

आता दुसऱ्या वाटेकडे वळावयाचे. प्रयोगशाळेचा कागद डॉक्टरांच्या हाती येतो, उपचार होतात, पुष्कळ माणसे बरी होतात. काही होत नाहीत. रोग पसरलेला असतो आणि ‘आता घरी न्या, आमच्याकडून करण्यासारखे काही राहिले नाही’ हे वाक्य कुटुंबाच्या कानी पडते. ते वाक्य ज्यांना मान्य नाही, अशा लोकांनी हॉस्पिसचे काम उभे केले. करण्यासारखे फार राहिलेले असते. फक्त ते रोगाविरुद्ध करावयाचे नसून माणसासाठी करावयाचे असते.

आयर्लंडमधील धर्मभगिनींनी १८७९ साली डब्लिन शहरी मरणोन्मुख गरिबांसाठी असे गृह उघडले. त्याच संघाच्या भगिनींनी १९०५ साली लंडनच्या पूर्व भागात सेंट जोसेफ हे दुसरे गृह उघडले. तेथे १९५८ साली सिसिली साँडर्स ही डॉक्टरीण काम करावयास गेली. तिचा मार्ग सरळ नव्हता. ती आधी परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाली. त्या काळात, १९४८ साली, डेव्हिड टास्मा नावाचा एक निर्वासित पोलिश ज्यू कर्करोगाने मरत होता. त्याच्याशी झालेल्या बोलण्यांतून अशा एकाकी माणसांसाठी एक घर असावे ही कल्पना निघाली, आणि जाताना त्याने त्या घराच्या एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड मागे ठेवले. मरणाऱ्यांच्या वेदनेकडे डॉक्टरांचे लक्ष वळवावयाचे, तर स्वतः डॉक्टर व्हावे लागेल, असे पाहून ती पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि १९५७ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, डॉक्टर झाली. सेंट ख्रिस्तोफर हे तिचे गृह १९६७ साली उघडले. वेदना असह्य झाल्यावर रोग्याने याचना करावी आणि मग सुई द्यावी, ही जुनी रीत तिने मोडली. वेदना परत येण्यापूर्वीच, घड्याळ पाहून, ठरल्या वेळी औषध द्यावयाचे, हे तिने रूढ केले. आणि वेदना केवळ हाडामांसाची नसते. तिच्यात मुलांची काळजी, कर्जाची लाज, एकटेपणा आणि देवावरचा रागही मिसळलेला असतो, हे तिने डॉक्टरांना शिकविले.

भारतातील पहिले हॉस्पिस, ‘शांती आवेदना’, हे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झाले. त्याचे संस्थापक डॉ. एल. जे. डिसूझा हे टाटा मेमोरियल रुग्णालयाचेच शल्यविशारद. ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने कर्करोगाला नाव देण्याचे शास्त्र या देशात रुजविले, त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टराला नाव दिल्यानंतरचे हे काम हाती घ्यावेसे वाटले. या संस्थेच्या शाखा पुढे दिल्ली व गोवा येथे निघाल्या. पुण्यास वारजे येथे १९९७ साली एक केंद्र सुरू झाले. केरळात कोळिकोड येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी काढलेल्या संस्थेने शेजारीपाजारी माणसांना शिकवून ही सेवा घरोघर नेली, आणि २००८ साली त्या राज्याने तिला आपल्या आरोग्य-धोरणात स्थान दिले.

या कामाला एक मोठी अडचण होती ती औषधाची. तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध; ते अफूपासून काढतात. इंदूरच्या श्रोत्यांना नीमच आणि मंदसौरची अफूची शेते ठाऊक आहेत. सरकारी परवान्याने ही शेती होते आणि नीमचला सरकारचा कारखाना आहे. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे इतके जंजाळ निर्माण झाले, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. ज्या देशाच्या शेतात वेदनेचे औषध पिकत होते, त्याच देशातील कर्करोगी विव्हळत मरत होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट सुकर झाली. परंतु डॉक्टरांच्या आणि नातलगांच्या मनातील भीती कायद्याने जात नाही. ‘व्यसन लागेल’ ही भीती घालवावयास, वेदनेसाठी मोजून दिलेल्या मात्रेने तसे क्वचितच घडते हे शांतपणे समजावून सांगणारी, शिकलेली परिचारिका लागते.

तिचे रोजचे काम कसले असते? तोंड कोरडे पडलेल्या माणसाचे ओठ ओल्या कापसाने टिपणे. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलणे, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. सडलेल्या जखमेच्या दुर्गंधीमुळे नातवंडे खोलीत यावयास बिचकतात. तेथे मेट्रोनिडॅझोलची पूड घातली की वास कमी होतो आणि आजी पुन्हा आजी होते. मॉर्फीनने मलावरोध होतो, म्हणून त्याबरोबर सारक द्यावयास विसरावयाचे नाही. धाप लागलेल्याच्या तोंडावर साध्या पंख्याचा वारा घातला, तरी त्याला हायसे वाटते. यांतील एकही गोष्ट अवघड नाही, आणि एकही गोष्ट न केल्याबद्दल रोगी तक्रार करू शकेल अशा स्थितीत नसतो.

याहून कठीण काम बोलण्याचे असते. मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, ‘सिस्टर, बाबांना काही सांगू नका हं.’ आत बाबा म्हणतात, ‘मला सारे कळले आहे, पण मुलाला सांगू नका, तो खचेल.’ दोघेही एकमेकांसाठी खोटे बोलत असतात आणि दोघेही एकटे पडलेले असतात. अशा वेळी सत्य कोणाच्या अंगावर फेकावयाचे नसते, आणि खोट्याचे भागीदारही व्हावयाचे नसते. रोग्याला काय ठाऊक आहे, त्याला किती ऐकावयाचे आहे, हे त्यालाच विचारून त्या दोघांना एका खाटेपाशी आणावयाचे असते. हे कसब शिकता येते. तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका किंवा चार वर्षांची परिचर्येची पदवी घेतल्यावर या सेवेचे स्वतंत्र शिक्षण मिळते. १९९४ साली स्थापन झालेली इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था त्याचे अभ्यासक्रम चालविते. समाजकार्याची पदवी घेतलेल्यांना, भौतिकोपचार जाणणाऱ्यांना, डॉक्टरांना आणि अंथरूण-पांघरूण करणाऱ्या मावशींनाही येथे सारखेच स्थान आहे. आरंभी वेतन बेताचेच असते, हे खरे. दर आठवड्याला एखादी खाट रिकामी होते आणि मन झिजते, हेही खरे. म्हणून जेथे काम करणाऱ्यांना एकत्र बसून बोलावयास वेळ देतात आणि रजा नाकारीत नाहीत, असेच गृह निवडावे.

वरवर पाहता या दोन वाटा एकमेकींना कधी भेटत नाहीत. वस्तुतः त्या एका प्रश्नापाशी भेटतात. हॉस्पिसमध्ये रक्त तपासण्यापूर्वी विचारतात: ‘याचे उत्तर आले, तर आपण काही निराळे करणार आहोत का?’ उत्तर ‘नाही’ असे असले, तर त्या थकलेल्या हाताला सुई टोचीत नाहीत. चाचणीची खरी किंमत ज्याला कळते, त्यालाच ती कधी करावयाची नाही, हेही कळते.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत बहुतेकांना माहीत असतो. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला तो उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन नाणी देतो आणि आपल्या प्रवासाला निघून जातो. पुढचे दिवस त्या जखमीचे मलमपट्टी, पेज-पाणी कोणी केले? त्या रक्षकाने. त्याचे नाव कोणी विचारीत नाही, आणि त्याने नाणी घेतली म्हणून त्याची सेवा हलकीही ठरत नाही. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि हॉस्पिसमधल्या परिचारिका या उतारशाळेच्या रक्षकाच्या वंशातल्या आहेत.

तेव्हा या वाटेने मुलांना पाठवावयाचे, तर डॉक्टरकी हुकली म्हणून पाठवू नये. परवानगी काढून त्यांना एक सकाळ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणि एक दुपार एखाद्या शुश्रूषागृहात घालवू द्यावी. मग गुणपत्रिका बाजूला ठेवून दोन गोष्टी विचाराव्यात. कोणी पाहत नसताना तेच काम शंभराव्या वेळी पहिल्या वेळेइतकेच नीट करणे तुला जमेल का? ज्याला बरे करता येणार नाही, त्याच्याजवळ काही न बोलता बसून राहणे तुला जमेल का? पहिल्या प्रश्नाला मनापासून ‘हो’ म्हणणारी मुले प्रयोगशाळेला हवी आहेत, आणि दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणणारी हॉस्पिसला. अशी मुले ज्या घरात आहेत, त्या घराने प्रवेश-परीक्षेच्या यादीत नाव नाही म्हणून दिवा मालवून बसण्याचे कारण नाही.